छोटी कार्व्ह वळणं: शेवटी स्कीची शेपटी सुटते तेव्हा काय तपासायचं

मोठी कार्व्ह वळणं, म्हणजे स्की न घसरवता तिच्या कडेने बर्फ कापत घेतलेली वळणं, जमतात. स्की कडेवर चढते, बर्फात दोन बारीक रेघा उमटतात. वळण आखूड करायला गेलं की घोळ सुरू होतो. पहिली दोन बरी जातात, तिसऱ्याच्या शेवटी मागचा भाग सर्रकन बाहेर घसरतो, चौथ्याला पाय ढकलून स्की फिरवावी लागते आणि पाचव्यापर्यंत कार्व्हिंग संपून नुसतं घसटणं उरतं. हा दोष इतक्या जणांत इतक्या सारख्या रूपात दिसतो की तपासणीचा क्रम पक्का सांगता येतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: शेपटी, म्हणजे स्कीचं मागचं टोक, सुटते वळणाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात, पण कारण बहुतेक वेळा त्याआधीचं असतं. कड बदलताना काहीतरी राहून गेलेलं असतं, नाहीतर बुटात किंवा धारेत गडबड असते. जिथे घसरतं तिथेच जास्त जोर लावत बसलं तर दोष महिनोन्महिने हलत नाही.

लक्षणं

- वळणाच्या शेवटी बर्फाचा फवारा उडतो आणि खरखर ऐकू येते. खऱ्या कार्व्हमध्ये फक्त कापल्याचा बारीक आवाज असतो.
- मागे वळून पाहिलं तर वळणाच्या सुरुवातीला रेघच नाही, मध्ये बारीक रेघ, आणि शेवटी झाडू फिरवल्यासारखा रुंद पट्टा.
- वळणाच्या बाहेरच्या बाजूचा गुडघा आत कलतो, आतल्या बाजूचा सरळच राहतो. समोरून पाहिलं तर दोन नडग्या समांतर दिसत नाहीत.
- दर वळणाला वेग वाढत जातो, कारण वळण पूर्ण होण्याआधीच सुटतं.
- आठ-दहा वळणांत मांड्या पेटतात.
- कठीण बर्फावर बाहेरची स्की थडथड उडते.
- दोष एकाच बाजूच्या वळणात येतो.

शेवटचं लक्षण वेगळं काढून ठेवा. दोन्ही बाजूंना सारखंच होत असेल तर बहुधा तंत्राचा प्रश्न आहे. फक्त डावीकडे किंवा फक्त उजवीकडे होत असेल तर आधी धार, बूट आणि पायाची ठेवण यांवर संशय घ्यावा.

आधी रेघा वाचा

याला काही खर्च नाही. सकाळी नुकत्याच सपाट केलेल्या, कोऱ्या बर्फावर सहा वळणं घ्या, कडेला थांबा आणि वर पाहा. दोन्ही स्कीच्या पेन्सिलीएवढ्या रेघा सलग दिसतात का? रेघ नेमकी कुठे रुंद होते? वळणाच्या वरच्या भागात, म्हणजे स्की अजून उताराच्या दिशेला आलेली नसताना, रेघ नसेल तर कड उशिरा लागते आहे. रेघ वर आहे पण शेवटी फाटते, तर कोन पुरत नाही किंवा भार मागे गेला आहे. आतल्या स्कीची रेघ तिरकी, बाहेरच्या रेघेला मिळणारी असेल तर आतला पाय वळणात सामीलच होत नाही. पुढच्या प्रत्येक तपासणीनंतर पुन्हा रेघाच पाहायच्या. अंगाला काय वाटतं ते फसवतं, रेघ फसवत नाही.

उतार जास्त तीव्र आहे का?

युरोपात निळ्या खुणेच्या, म्हणजे सोप्या, उताराची मर्यादा साधारण २५ टक्के, म्हणजे १४ अंश. लाल, म्हणजे मध्यम, खुणेची ४० टक्के, म्हणजे जवळपास २२ अंश. हा दोष दुरुस्त करायचा तर ८ ते १२ अंशांचा, रुंद आणि रिकामा उतार हवा. त्याहून तीव्र उतारावर वेगाच्या भीतीने शरीर आपोआप पाय ढकलून स्की आडवी करतं, आणि मग तंत्राची चूक कुठली, भीतीची कुठली हे कळत नाही. तीव्र उतारावर संपूर्ण कापलेलं छोटं वळण ही स्वतःकडून करायची रास्त अपेक्षाच नव्हे. स्लॅलमचे, म्हणजे खांबांमधून आखूड वळणं घेत उतरण्याच्या शर्यतीचे, स्पर्धकसुद्धा अशा जागी वळणाचा वरचा भाग कधी कधी मुद्दाम फिरवून घेतात आणि खालचा कापतात.

स्कीवरचा आकडा

स्कीच्या शेपटीजवळ लांबी, रुंदी आणि त्रिज्या छापलेली असते, मीटरमध्ये. ही स्कीच्या बाजूला आत वळलेल्या कमानीची त्रिज्या. स्की जितकी कडेवर चढवाल तितकं वळण आखूड होतं, आणि कठीण बर्फावर त्याचा अंदाज सोपा आहे: छापील त्रिज्या गुणिले कडेच्या कोनाचा कोसाइन. १३ मीटरची स्की ३० अंशांवर सुमारे ११ मीटरचं वळण घेते, ४५ अंशांवर ९ मीटरचं, ६० अंशांवर साडेसहा मीटरचं. १७ मीटरच्या स्कीला ४५ अंशांवर १२ मीटर लागतात, आणि साडेआठ मीटरसाठी ६० अंश गाठावे लागतात.

म्हणजे १७-१८ मीटरच्या स्कीवर स्लॅलमसारखी आखूड वळणं कापायची इच्छा असेल तर शेपटी सुटणारच, कारण तो कोन फार थोड्यांना जमतो. इथे दोष तुमचा नाही. छोट्या वळणांसाठी ११ ते १४ मीटर त्रिज्या आणि बुटाखाली ६५ ते ७२ मिलिमीटर रुंदी सोयीची. बुटाखाली ९० मिलिमीटर आणि त्याहून रुंद असलेल्या स्कीची कड पायाच्या मध्यापासून लांब पडते, आणि कठीण बर्फ तिला उलट सपाट करू पाहतो. दिवसभरासाठी भाड्याने आखूड त्रिज्येची स्की घेऊन पाहा. त्यावर दोष निम्म्याने कमी झाला तर पुढचे बरेच कष्ट वाचले.

बकलं, मोजा, तळाचा बर्फ

घोट्याची हालचाल स्कीच्या कडेपर्यंत बुटातूनच पोहोचते. बुटात पाय हलत असेल तर घोटा दहा अंश कलतो आणि कड चारच अंश.

मोजा एकच आणि पातळ. थर्मलचा पाय बुटाच्या बाहेर. टाच दोन-तीनदा जमिनीवर आपटून मागे बसवा, गुडघा पुढे वाकवा आणि आधी वरची दोन बकलं लावा, मग घोट्यावरचं, शेवटी चवड्यावरचं, तेही हलकंच. खालची आधी आवळली तर टाच खिशात बसत नाही आणि दिवसभर वर उचलत राहते. वरचा पट्टा घट्ट ओढा, शोभेसाठी ठेवू नका. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघा वाकवला की मागे सरकावीत. नडगी आणि बुटाची जीभ यांमध्ये मोकळी जागा राहता कामा नये. दोन फेऱ्यांनंतर बकलं पुन्हा एक-एक खाच आवळा, कारण अस्तर दबलेलं असतं. स्की लावण्याआधी तळाला चिकटलेला बर्फ खरवडून काढा. तो बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीत, बूट नीट बसू देत नाही, आणि सुटायला नको तेव्हा स्की सुटते.

धार

अंगठ्याच्या नखाची पाठ कडेवर आडवी ओढा, बुटाखाली, पुढे आणि मागे तीन-तीन ठिकाणी. पांढरा कीस निघाला तर धार आहे. नख नुसतं सरकलं तर बोथट. बोट जपून कडेच्या लांबीने फिरवा: कुठे करवतीसारखं टोचलं तर दगडावर घासून कड उलटलेली आहे. ती ४०० ग्रिटच्या हिरा-दगडाने, पाण्याने ओला करून, टोकाकडून शेपटीकडे घासून काढा. फाइल त्यानंतरच, आणि कोन पक्का धरणाऱ्या मार्गदर्शक पट्टीशिवाय कधीच नाही. बाजूची कड ८८ किंवा ८७ अंश, तळाकडची उतरण अर्धा ते एक अंश, हे छोट्या वळणांना चालतं. पट्टीचा कोन आपल्या कडेशी जुळतो का ते पाहायला कडेवर मार्करची शाई लावा आणि एकच हलका हात मारा. शाई पूर्ण रुंदीतून निघाली तर कोन बरोबर. एकाच बाजूची निघाली तर थांबा.

तळ सपाट आहे का तेही याच वेळी पाहावं. धातूची सरळ खरवडणी तळावर आडवी उभी धरून उजेडाकडे पाहा. मधून उजेड आला तर कडा उंच आहेत, स्की अडकते आणि कड सोडायला तयार होत नाही. कडांजवळ उजेड आला तर तळ फुगीर आहे, आणि कितीही कललात तरी कड उशिरा लागते. वारंवार घासून तळाकडची उतरण दोन अंशांपर्यंत गेली असेल तरीही अगदी हेच होतं, आणि हा दोष लोक वर्षानुवर्षं स्वतःच्या तंत्राच्या नावावर खपवतात. तो हाताने दुरुस्त होत नाही. तळ यंत्रावर घासून घ्यावा लागतो.

टोक आणि शेपटी दहा-पंधरा सेंटिमीटर मुद्दाम बोथट करायचा जुना सल्ला इथे पाळू नका. छोट्या कार्व्हमध्ये सुरुवात टोकाने होते आणि शेवट शेपटीने.

दोष एकाच बाजूला असेल तर डावी-उजवी स्की अदलाबदल करून तोच उतार पुन्हा उतरा. दोष स्कीबरोबर गेला तर धार किंवा तळ. पायाबरोबर राहिला तर बूट किंवा शरीर.

भार मागे आहे का?

मांड्या पेटत असतील तर जवळजवळ खात्रीने आहे. सौम्य उतारावर बाहेरच्या पायावर उभं राहून आतल्या स्कीची शेपटी दोन बोटं उचला, टोक बर्फावरच ठेवून. अशी आठ वळणं सलग जमली पाहिजेत. शेपटीऐवजी टोक उचललं जात असेल तर भार टाचेमागे आहे, आणि तिथून टोकाला बर्फात शिरायला दाब मिळत नाही. गुडघे जास्त वाकवून हे सुटत नाही, उलट कंबर आणखी मागे जाते. घोटा वाकला पाहिजे: नडगी जिभेला, पावलं कमरेखाली, आणि आतलं पाऊल मुद्दाम मागे ओढलेलं. आतल्या स्कीचं टोक बाहेरच्यापेक्षा अर्ध्या बुटाहून जास्त पुढे गेलं की कंबर मागे राहिली असं समजा. वळणाच्या सुरुवातीला भार चवड्यावर आणि शेवटाकडे पावलाच्या मध्यावर येतो, ते योग्यच. नडगीचा स्पर्श मात्र कधीच सुटू नये.

यात सुरक्षेचाही प्रश्न आहे. एटलिंगर, जॉन्सन आणि शिली या अमेरिकन संशोधकांनी १९९५ मध्ये गुडघ्याच्या दुखापतींवर जे लिहिलं, त्यातली एक नेहमीची अवस्था अशी: कंबर गुडघ्यांच्या खाली, तोल मागे, आणि सगळा भार खालच्या स्कीच्या शेपटीच्या आतल्या कडेवर. तिथून उठायचा प्रयत्न करताना पुढचा क्रूसिएट अस्थिबंध तुटतो. मागे बसून कार्व्ह करणारा त्या अवस्थेच्या फार जवळ असतो.

कड घोट्यापासून लागते का?

उतारावर सरळ खाली सुटा, स्की खांद्याइतक्या अंतरावर. काहीही न फिरवता फक्त दोन्ही घोटे एका बाजूला कलवा: बाहेरच्या पायात भार अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या पायात करंगळीच्या बाजूला. मग थांबा आणि स्कीला वळू द्या, अगदी ती उताराच्या वरच्या दिशेला जाऊन थांबेपर्यंत. पाच डावीकडे, पाच उजवीकडे. या सरावात तुम्ही वर चढता, म्हणून निघण्याआधी वर आणि खाली दोन्हीकडे पाहा. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या दहा वर्तननियमांतला पाचवा नियम नेमका याबद्दल आहे.

इथे स्वच्छ दोन रेघा येत नसतील तर पुढे जाऊ नका. छोटं वळण हे याच हालचालीचं घाईतलं रूप आहे. आतला घोटा आधी कलवा. तो आधी कलला की बाहेरचा आपोआप मागोमाग येतो. बाहेरचा आधी ढकलला तर आतला मागे राहतो आणि शेपटी तिथेच निसटायला लागते.

कोन कुठून येतो

बहुतेकांचं खरं दुखणं या जागी आणि पुढच्या भागात सापडतं, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

उदाहरण घ्या: १३ मीटरची स्की, ९ मीटरचं वळण, म्हणजे कड ४५ अंश हवी. ताशी ३० किलोमीटर वेगाने या वळणात तोल सांभाळत शरीर साधारण ३८ अंश आत झुकू शकतं. उरलेले ७ अंश कंबरेतून आणि गुडघ्यातून काढायचे. ताशी २० किलोमीटरला झुकायला मिळतात फक्त १९ अंश, आणि उरतात २६. म्हणून हळू वेगातली छोटी कार्व्ह वळणं जास्त कठीण असतात. अख्खं शरीर ओंडक्यासारखं आत झुकवून ते २६ अंश मिळत नाहीत, माणूस आतल्या स्कीवर पडतो.

कोन कमी पडला की शेपटी का सुटते? बाहेरच्या स्कीने बर्फात कापलेली जागा ही एक पायरी समजा. पायरी शरीराच्या भाराला काटकोनात किंवा थोडी आत उतरती असेल तर पाय टिकतो. बाहेर उतरती झाली की घसरतो. वळणाच्या शेवटी वळणाचा जोर आणि उताराची ओढ एकाच दिशेला येतात, भार तिथे सर्वात जास्त, त्यामुळे कच्ची पायरी तिथेच ढासळते.

तपासणी सोपी आहे. दोन्ही पोल, म्हणजे हातातल्या काठ्या, छातीसमोर उभे धरा, हात पसरून, चौकटीसारखे, आणि खाली लांबवरची एक खूण चौकटीत ठेवा. दहा छोटी वळणं. खूण चौकटीतून डावी-उजवीकडे पळत असेल तर छाती आणि कंबर स्कीबरोबर फिरताहेत. कंबर फिरली की खुब्यात कोन करायला जागा राहत नाही, आणि फिरण्याचा जोर शेपटीला बाहेर लोटतो. मांडीचं हाड खुब्यात फिरलं पाहिजे. कंबर उताराकडे तोंड करून शांत. बाहेरच्या बाजूच्या बरगड्या आणि कंबरेचं हाड यांच्यामध्ये चिमटा बसल्यासारखं वाटलं की कोन आला. खांदे उताराला समांतर, आतला खांदा खाली पडलेला नको. गुडघा आत ढकलून मिळणारा कोन झटपट येतो, पण कमजोर असतो, आणि भार वाढला की गुडघ्यालाच महाग पडतो.

कड बदलताना काय घडतं

छोट्या वळणात सगळ्यात जास्त चुका या अर्ध्या सेकंदात होतात. मोठ्या वळणात उभं राहून, लांब होऊन कड बदलायला वेळ असतो. इथे नसतो. वर उठलात की स्की हलकी होते, हलकी झाली की पाय आपोआप ती फिरवून टाकतात आणि वळणाचा वरचा भाग वाया जातो. मग उरलेल्या अर्ध्या भागात सगळी दिशा बदलायची, म्हणजे भार दुप्पट आणि शेपटी गेली.

करायचं ते उलट आहे. वळणाच्या शेवटी बाहेरचा ताणलेला पाय मऊ सोडा, गुडघे वर येऊ द्या, डोकं त्याच उंचीवर राहू द्या. स्की शरीराखालून आडवी पलीकडे जाते. ती उताराच्या दिशेला वळण्याआधीच नव्या कडांवर आलेली असली पाहिजे, आणि मग नवा बाहेरचा पाय हळूहळू लांब होत तिच्यामागे जातो. पाय लांब करण्याची घाई केली तर पुन्हा ढकलणंच होतं.

सराव: आडवं जाताना दोन सेकंद स्की वरच्या कडांवर, मग पाय मऊ करून सपाट, पुन्हा वरच्या कडांवर. एका आडव्या रेषेत चार वेळा, दोन्ही बाजूंना. त्यानंतर पूर्ण वळणं. रेघांमध्ये पाहायचं ते एवढंच: जुन्या कडेची रेघ संपल्यावर नवी रेघ एका स्कीच्या लांबीच्या आत सुरू झाली पाहिजे.

पोलबद्दल थोडक्यात. उलटा धरून, टोकाजवळच्या चकतीखाली मूठ, कोपर काटकोनात येत असेल तर लांबी ठीक. टेकवायचा मनगटाने, कड बदलताना, हलकाच. हात मागे राहिला की खांदा फिरतो.

शेवटी लय. बर्फ सपाट करणाऱ्या यंत्राच्या एका पट्ट्याच्या दीडपट रुंदीत दहा वळणं, मग एका पट्ट्यात दहा. रेघ फाटली की पुन्हा रुंद. अरुंद करताना वेग वाढवू नका, कोन लवकर आणा.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखलं, गुडघा लटपटला किंवा सुजला तर त्या दिवशी स्की बंद, आणि डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट. पाय पेटले तरी थांबा. थकल्या पायांनी केलेला सराव फक्त चूक पक्की करतो.

न पडता स्की सुटत असेल तर बाइंडिंगचा स्क्रू स्वतः आवळू नका. बाइंडिंग किती जोराला सुटावी ही किंमत आयएसओ ११०८८ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वजन, उंची, वय, स्कीइंगचा प्रकार आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून ठरते, आणि टाचेकडून बुटाला पुढे ढकलणारा दाबही तपासावा लागतो. हे प्रशिक्षित तंत्रज्ञाचं काम. कड तडकलेली, बाजूचा थर उकललेला, तळ फुगीर किंवा उतरण जास्त, हेही त्याच्याकडेच.

बुटाचं अस्तर काढा, नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे २५ मिलिमीटरहून जास्त जागा असेल तर बूट मोठा आहे आणि बकलं आवळून तो लहान होणार नाही. स्की अदलाबदल करूनही एका बाजूचा दोष गेला नाही, एका स्कीवर सरळ घसरताना ती कायम एकाच कडेकडे ओढत असेल, तर पायाच्या ठेवणीनुसार कॅन्टिंग, म्हणजे बुटाचा आत-बाहेरचा कल जुळवून, घ्यावं लागेल. बूट-फिटर ते मोजून करतो. तळाखाली घरगुती पाचर घालून हा प्रयोग करू नका, बाइंडिंग सुटण्यावर त्याचा परिणाम होतो.

साहित्य ठीक आहे, दोष दोन्ही बाजूंना आहे आणि तीन-चार दिवसांच्या सरावानंतरही रेघ त्याच जागी फाटते, तर प्रशिक्षकाचा एक तास घ्या. त्याआधी कुणाकडून तरी व्हिडिओ काढून ठेवा: काढणाऱ्याने कडेला, उतारावर खालच्या बाजूला उभं राहून तुम्हाला समोरून टिपावं, सलग दहा वळणं, बूट आणि डोकं दोन्ही दिसतील असं. दुसरा व्हिडिओ मागून, आणि रेघांचा एक फोटो. एवढं दाखवलं की प्रशिक्षकाला पहिल्या फेरीतच नेमक्या चुकीवर काम सुरू करता येतं.